प्लग-इन गाड्या, चार्जिंगचे जाळे आणि आपले कारागीर

पूर्वी कोलशेतचे नाव निघे ते रेतीबंदरामुळे आणि रसायनांच्या कारखान्यांमुळे. सॅन्डोज (पुढे क्लॅरियंट), बायर अशा कंपन्यांचे कारखाने कोलशेत रस्त्यालगत होते, आणि फिटर, वेल्डर, वायरमन, टेम्पोवाले अशा कितीतरी हातांना या पट्ट्यात काम मिळत असे. त्या जमिनी विकल्या गेल्या. आज तेथे निवासी मनोरे उभे आहेत आणि त्यांच्या तळघरांत मोटारींच्या रांगा लागतात. ठाणे परिवहन सेवेने ऑलेक्ट्रा कंपनीच्या १२३ इलेक्ट्रिक बस कराराने घेतल्या. २०२३ साली त्या रस्त्यावर येऊ लागल्या आणि त्यांच्या चार्जिंगची सोय कोलशेत येथे करण्यात आली. म्हणजे ज्या गावात कारखान्यांना वीज लागे, त्याच गावात आता गाड्यांना वीज लागू लागली आहे.

या बदलामुळे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे दोन प्रश्न उभे राहिले आहेत. राबोडी, मुंब्रा, कौसा, भिवंडी, कल्याण येथे गॅरेज, बॅटरी, ऑटो-इलेक्ट्रिक, रेडिएटर आणि भंगार यांच्या धंद्यात आपला समाज मोठ्या संख्येने आहे. पहिला प्रश्न असा की, इंजिनच गेले तर गॅरेजवाल्याने काय करावे? दुसरा प्रश्न थोडी पुंजी गाठीशी असलेल्यांचा आहे: रस्त्यावर चार्जिंग स्टेशन टाकले तर पैसे सुटतील काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर शोधताना प्लग-इन हायब्रिड ही गाडी नीट समजून घेतली की पुष्कळसा गोंधळ दूर होतो. म्हणून आधी तिच्याकडे वळू.

हायब्रिड म्हणजे दोन शक्तींवर चालणारी गाडी. पेट्रोलचे (क्वचित डिझेलचे) इंजिनही असते आणि विजेची मोटरही. परंतु बाजारात या एकाच नावाखाली तीन वेगळे प्रकार विकले जातात आणि गिऱ्हाईकच काय, पुष्कळदा विक्रेताही ते एकमेकांत मिसळून टाकतो.

पहिला प्रकार माइल्ड हायब्रिड. मारुतीच्या सियाझ गाडीवर २०१५ पासून 'एस.एच.व्ही.एस.' असे लिहिलेले असे, ती या प्रकारातली. तिच्यात विजेची मदत इतकी थोडी असते की केवळ विजेवर गाडी चालत नाही. दुसरा प्रकार स्ट्राँग हायब्रिड. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस, मारुतीची ग्रँड व्हिटारा, होंडाची सिटी यांच्या हायब्रिड आवृत्त्या २०२२ साली आल्या त्या या प्रकारच्या. ही गाडी गर्दीत काही अंतर निव्वळ विजेवर जाते, पण ती वीज स्वतःच तयार करते, इंजिनातून आणि ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या जोरातून. तिला बाहेरून तार जोडायची सोयच नसते. घोडबंदर रस्त्यावर आज जी हायब्रिड दिसते ती बहुतेक हीच.

तिसरा प्रकार प्लग-इन हायब्रिड. हिची बॅटरी मोठी असते, साधारण दहा ते पंचवीस युनिटची, आणि ती भिंतीवरच्या पॉइंटवरून भरता येते. रात्री भरली तर सकाळी पन्नास-साठ किलोमीटर पेट्रोलचा थेंबही न जाळता जाते. बॅटरी संपली की इंजिन सुरू होते, त्यामुळे लांबच्या प्रवासात वाटेत अडकण्याची भीती नाही. कोलशेतहून रोज मुंबईस कामाला जाणारा माणूस एका बाजूला पंचवीस-तीस किलोमीटर जातो. त्याचा सारा आठवडा विजेवर आणि गावची वाट पेट्रोलवर, असा हा व्यवहार आहे. समजा, बॅटरी १८ युनिटची आहे आणि युनिटला १० रुपये पडतात, तर साठ किलोमीटरला १८० रुपये लागले. हेच अंतर पेट्रोलवर कापायचे, लिटरला बारा किलोमीटर आणि शंभर रुपये धरले, तर ५०० रुपये लागतील.

ही कल्पना नवी नाही. टोयोटाने प्रायस ही साधी हायब्रिड जपानात १९९७ साली विकायला काढली. तार जोडून भरायची हायब्रिड मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात प्रथम चीनच्या बी.वाय.डी. कंपनीने डिसेंबर २००८ मध्ये आणली आणि २०१० च्या अखेरीस अमेरिकेत शेवरले व्होल्ट आली. २०२४ या एका वर्षात जगात १ कोटी ७० लाखांहून अधिक इलेक्ट्रिक मोटारी विकल्या गेल्या. त्यात प्लग-इन हायब्रिडही धरलेल्या आहेत आणि निम्म्याहून जास्त विक्री एकट्या चीनमधली आहे.

आपल्याकडे मात्र प्लग-इन हायब्रिड ही अजून श्रीमंतांच्या दाराशीच आहे. २०१५ साली बी.एम.डब्ल्यू. आय-८, २०१६ साली व्होल्वोची एक्स.सी. ९०, २०२२ च्या डिसेंबरात बी.एम.डब्ल्यू. एक्स.एम. अशा कोट्यवधी रुपयांच्या गाड्या आल्या. याचे एक मोठे कारण कर हे आहे. निव्वळ विजेच्या गाडीवर २०१९ पासून ५ टक्के जी.एस.टी. आहे. मोठ्या हायब्रिडवर उपकर धरून ४३ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. चार मीटरच्या आतल्या व लहान इंजिनाच्या हायब्रिडला १८ टक्के आहे, पण प्लग-इन गाड्या त्या मापात बसत नाहीत. हिरवी नंबर प्लेटही निव्वळ बॅटरीच्या गाडीलाच मिळते. तेव्हा 'प्लग-इन येणार, आपण आजच तयार व्हा' असे सांगून कोणी महागडे यंत्र गळ्यात मारू पाहील तर सावध राहावे.

असे असूनही ही गाडी आपल्याला एक कामाची गोष्ट शिकवते. युरोपात तिला सवलती मिळाल्या, कंपन्यांनी आपल्या नोकरांना ती वाटली, आणि पुष्कळांनी ती तारेला जोडलीच नाही. पेट्रोल कंपनीच्या खर्चाने मिळत होते, मग तार कोण ओढणार? युरोपियन कमिशनने मार्च २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरची आकडेवारी जाहीर केली, तेव्हा या गाड्यांचा धूर कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. गाडी तीच, बॅटरी तीच. फरक पडला तो ती रात्री उभी राहते तेथे सोयीचा पॉइंट आहे की नाही आणि मालकाला तो वापरण्यात फायदा आहे की नाही, एवढ्याचा.

आमच्या मते चार्जिंगच्या धंद्याचे सारे गणित येथेच आहे. पेट्रोल पंपावर गाडी पाच मिनिटे थांबते, म्हणून पंप हमरस्त्यावर लागतो. विजेची गाडी मात्र जेथे सहा-आठ तास उभीच असते, तेथे भरणे सर्वांत स्वस्त आणि सोयीचे. इमारतीचे तळघर, गोदामाचे आवार, रिक्षा-टेम्पो लावण्याची जागा, दुकानाचे मागचे दार, या त्या जागा होत. प्लग-इन मोटारीला जो पॉइंट लागतो तोच विजेच्या स्कूटरला लागतो आणि मालवाहू तीनचाकीलाही चालतो. मोटार आज आली नाही तरी स्कूटर आणि तीनचाकी आलेल्याच आहेत.

आता सार्वजनिक जाळ्याविषयी. ऑगस्ट २०१७ मध्ये टाटा पॉवरने विक्रोळीत स्टेशन उघडले तेव्हा मुंबईत ती नवलाईची गोष्ट होती. वीज विकायची तर परवाना लागतो, मग चार्जिंग हीसुद्धा वीजविक्रीच नव्हे काय, असा पेच त्या काळी होता. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. त्यामुळे २००३ च्या वीज कायद्याखालचा परवाना त्याला लागत नाही. हा खुलासा फार महत्त्वाचा आहे. पिठाची गिरणी टाकणाऱ्याप्रमाणेच कोणीही साधा माणूस योग्य ते कनेक्शन घेऊन चार्जिंग पॉइंट चालवू शकतो.

त्यानंतर वाढ झपाट्याने झाली. सरकारी आकड्यांप्रमाणे फेब्रुवारी २०२४ मध्ये देशात १२,१४६ सार्वजनिक चार्जिंग स्टेशने होती. त्यांत ३,०७९ घेऊन महाराष्ट्र पहिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये एकूण आकडा २५,२०२ वर गेला, कर्नाटक ५,७६५ वर पोहोचून पुढे निघून गेले आणि महाराष्ट्र ३,७२८ वर दुसरा राहिला. केंद्राच्या पी.एम. ई-ड्राइव्ह योजनेत, जी १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली, चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवले आहेत. राज्याच्या २०२५ च्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे ठरले असून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे इलेक्ट्रिक मोटारी व बसना टोलमाफी आहे.

असे आकडे वाचून वेगवान चार्जर टाकण्याचा मोह होतो. त्याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. समजा, साठ किलोवॉटचे यंत्र, जाड केबल, जादा भाराचे कनेक्शन, छप्पर असे सर्व मिळून पंधरा लाख रुपये लागले. वीजबिल वजा जाता युनिटमागे पाच रुपये सुटतात आणि दिवसाला शंभर युनिट विकली जातात असे धरू. दिवसाचे पाचशे, महिन्याचे पंधरा हजार. केवळ मुद्दल फिटायला शंभर महिने, म्हणजे आठ वर्षांहून अधिक, आणि त्यात जागेचे भाडे, राखणदार, मोबाईल ॲपवाल्या कंपनीचा वाटा, यंत्राची दुरुस्ती काहीच धरलेले नाही. गाड्या कमी आल्या तरी मंजूर भारावरचा स्थिर आकार दर महिन्याला द्यावाच लागतो. मोठ्या कंपन्या हा तोटा काही वर्षे सोसू शकतात. आपल्या माणसाने सुदाच्या कर्जावर असे यंत्र उभे केले तर दीन आणि दुकान दोन्ही संकटात येतील.

याउलट दुसरा हिशेब पाहा. बाळकुमकडून कशेळीचा पूल ओलांडला की कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोलीपर्यंत गोदामेच गोदामे. तेथून माल वाटणाऱ्या तीनचाकी गाड्या रात्री आवारात उभ्या असतात. अशा आवारात दहा साधे पॉइंट, वेगळा मीटर आणि पक्की अर्थिंग यांवर समजा तीन लाख रुपये खर्च आला. दहा गाड्यांनी रोज सात-सात युनिट घेतली, युनिटमागे तीन रुपये सुटले, तर दिवसाचे २१० आणि महिन्याचे ६,३०० रुपये होतात. चार वर्षांत मुद्दल वसूल. यात रातोरात कोणी शेठ होणार नाही. पण जोखीम थोडी आहे, गिऱ्हाईक ठरलेले आहे, आणि पुढे एखादा पॉइंट वाढवायचा तर सारी पुंजी पणाला लावावी लागत नाही.

हा धंदा भागीदारीला सोयीचा आहे. एकाची जागा, दुसऱ्याचे पैसे, तिसऱ्याची मेहनत, असे तिघे एकत्र येऊ शकतात. पैसा एकाचा व कष्ट दुसऱ्याचे असतील तर मुदारबत. त्यात नफा ठरल्या हिश्श्याने वाटायचा आणि नुकसान झाले तर ते पैसेवाल्याचे, कष्ट करणाऱ्याची मेहनत वाया जाते. सर्वांचा पैसा असेल तर मुशारकत. त्यात तोटा भांडवलाच्या प्रमाणात. करार स्टॅम्प पेपरवर करावा, तोंडी विश्वासावर ठेवू नये. भाऊ-भाऊसुद्धा मीटरच्या रीडिंगवरून भांडलेले आहेत.

दर लावताना तासावर न लावता युनिटवर लावावा. एकाच तासात स्कूटर अर्धे युनिट घेईल आणि मोटार तीन युनिट. दोघांकडून सारखे पैसे घेतले तर एकावर अन्याय होतो, आणि माप पूर्ण द्यावे याविषयी कुरआनात किती कडक ताकीद आहे हे आपणास सांगावयास नको. प्रत्येक पॉइंटला छोटा सबमीटर बसवावा. त्याचा खर्च फार नसतो. चार्जिंगच्या सेवेवर १८ टक्के जी.एस.टी. आहे, मात्र वर्षाची एकूण उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या लहान सेवा व्यावसायिकाला सहसा नोंदणी लागत नाही. दुकानाची आणि चार्जिंगची उलाढाल एकाच पॅनवर असेल तर ती एकत्र मोजली जाते, हे विसरू नये.

कनेक्शन कोणाकडे मागायचे, हेही आपल्या भागात सरळ नाही. कोलशेत, राबोडी येथे महावितरण. भिवंडीत २००७ पासून आणि मुंब्रा, कळवा, शीळ भागात १ मार्च २०२० पासून टोरेंट पॉवर ही कंपनी महावितरणची फ्रँचायझी म्हणून वीज वाटते. अर्ज टोरेंटच्या कचेरीत द्यायचा, दर मात्र राज्य वीज नियामक आयोगानेच ठरवलेले. आयोगाने चार्जिंग स्टेशनांसाठी स्वतंत्र दरवर्ग ठेवला आहे. लोकांकडून पैसे घेऊन गाड्या भरायच्या तर त्याच वर्गातला मीटर मागावा, दुकानाच्या मीटरवर धंदा करू नये. घरात स्वतःची गाडी भरणाऱ्याला घरगुती दरच लागतो, परंतु महिन्याची ३०० युनिट ओलांडली की वरचा टप्पा सुरू होतो आणि बिल पाहून घाम फुटतो.

खरे काम, आणि लगेच रोजी देणारे काम, आमच्या मते वायरमनचे आहे. त्याला भांडवल लागत नाही, हात आणि परवाना लागतो. कोलशेतच्या मनोऱ्यांत, तशाच वृंदावन, मानपाड्याच्या जुन्या सोसायट्यांत, सदस्य गाडी घेतो आणि मग पॉइंटसाठी सेक्रेटरीच्या मागे लागतो. सोसायटीला आगीची भीती असते आणि ती अगदीच खोटी नाही. कारण साधा पंधरा अँपिअरचा पॉइंट गिझरसाठी असतो, जो पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी त्याच पॉइंटवरून ३.३ किलोवॉट, म्हणजे चौदा अँपिअरहून जास्त करंट, सलग सहा तास ओढते. स्क्रू किंचित सैल असला तरी तेथे उष्णता साठते, प्लास्टिक वितळते. दोष गाडीचा नसतो, आठ आणे वाचवून घेतलेल्या सॉकेटचा असतो.

म्हणून मीटरच्या पेटीपासून पॉइंटपर्यंत स्वतंत्र लाइन टाकावी, मधे कोठेही जोड नसावा. ३.३ किलोवॉटला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ७.४ किलोवॉटला, जेथे ३२ अँपिअर लागतात, निदान सहाची. अंतर लांब असेल तर त्याहून जाड. योग्य मापाचा एम.सी.बी. आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आर.सी.सी.बी. हवाच, आणि तो गाडीच्या चार्जरसाठी चालणारा 'ए' प्रकारचा आहे की नाही हे दुकानात विचारून घ्यावे. अर्थिंग मीटर लावून मोजावी, अंदाजाने 'आहे' म्हणू नये. घराचा मंजूर भार तीन-चार किलोवॉटचाच असेल तर आधी तो वाढवून घ्यावा. वीस गाड्या एकदम लागल्या तर ६६ किलोवॉट होतात, आणि जुन्या सोसायटीची मुख्य केबल ते पेलेलच असे नाही. तेथे पाळ्या लावणारी, भार वाटून देणारी यंत्रणा बसवावी लागते. ती बसवायला शिकलेला माणूस आज मागून मिळत नाही. हे सर्व काम तारतंत्री परवानाधारकाने, परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या सही-शिक्क्याने करायचे असते. आपली कित्येक मुले उत्तम वायरिंग करतात पण परवाना काढत नाहीत, आणि सोसायटीच्या कामात टेंडरच्या वेळी मागे पडतात.

गॅरेजवाल्यांचे काय? हायब्रिडमध्ये, प्लग-इन असो वा साधी, इंजिन आहे, ऑइल आहे, रेडिएटर आहे, सायलेन्सर आहे. उद्या सकाळी गॅरेज बंद होत नाही. मात्र तिच्यात जाड नारिंगी केबल असतात. त्यांतून शेकडो व्होल्टचा डी.सी. दाब असतो. साठ व्होल्टच्या वर डी.सी. धोकादायक धरतात, यावरून काय ते समजावे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर आयुष्य काढलेला ऑटो-इलेक्ट्रिशियन सवयीने हात घालतो, ती सवय येथे जीव घेऊ शकते. आधी गाडी पूर्ण बंद करून सर्व्हिस प्लग काढायचा, मग कंपनीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ थांबायचे, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही मिनिटे वीज राहते. विजेचे मोजे घालूनच हात लावायचा, अंगठी आणि कडे उतरवून. आय.टी.आय.मध्ये 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल' हा अभ्यासक्रम आहे. ज्या उस्तादाचे स्वतःचे वय शिकण्याचे राहिले नाही, त्याने निदान मुलाला तेथे घालावे आणि गॅरेज दोघांनी चालवावे.

राहिले भंगारवाले. शिशाची बॅटरी फोडून प्लेटा काढणे त्यांच्या सरावाचे आहे. लिथियमचा पॅक तसा फोडला तर आतल्या आत पेट घेतो, आणि एकदा पेटलेला पॅक पाण्याची बादली ओतून विझत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू झाले. जुन्या बॅटऱ्या परत गोळा होऊन त्यांचे पुनर्चक्रीकरण होईल हे पाहण्याची जबाबदारी त्यांनी बॅटरी बनवणाऱ्या व आणणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे, आणि हे काम नोंदणी असलेल्या कारखान्यांतच व्हावे असे बंधन आहे. म्हणजे कंपन्यांना माल गोळा करून देणारा माणूस हवाच आहे. जो भंगारवाला पॅक न फोडता, कोरड्या जागी, इतर मालापासून दूर ठेवील, वजन-नंबर लिहून नोंदणीकृत कारखान्याला देईल आणि पावती फायलीला लावील, त्याच्याकडून माल घ्यायला ते तयार होतील.